हँडलावरची शेकोटी

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वासातला हातमोजा काढला, तर उजव्या करंगळीचं टोक मेणबत्तीसारखं पांढरं झालेलं. दुखत नव्हतं, आणि तेच वाईट होतं. दुखायला लागलं ते दहा मिनिटांनी, स्वयंपाकघरात कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवल्यावर. मग मात्र असं ठणकलं की लेकीसमोर तोंडातून थेट कराड एसटी स्टँडवरची शिवी निघून गेली. तिला अर्थ कळला नाही, पण ठेका आवडला असावा. आठवडाभर म्हणत फिरत होती.

आम्ही कॅनडात, मॅनिटोबामध्ये राहतो. विनिपेगच्या उत्तरेला सेलकर्क म्हणून गाव आहे, त्याच्याही थोडं पुढे, शेतांच्या मधोमध. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, म्हणजे आठवड्यातले चार-पाच दिवस घरात मी, लेक आणि बर्फ. घरापासून सडकेपर्यंतचा आमचा खडीचा रस्ता ११० मीटरचा. शाळेची बस सडकेवर पावणेआठला थांबते, आत येत नाही. डिसेंबरात इथे सूर्य सव्वाआठच्या पुढे उगवतो, त्यामुळे सगळा कारभार अंधारात. रात्री वारा सुटला की सपाट शेतांवरचा बर्फ सरपटत येऊन नेमका आमच्या रस्त्यावर बसतो, त्यासाठी नवा बर्फ पडायचीही गरज नसते. तो ढकलायला आमच्याकडे ४२० सीसीची एक जुनी एटीव्ही आहे. अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना चक्कर मारायला देतात तीच चार जाड चाकांची गाडी, फक्त हिच्या पुढे पाच फुटी लोखंडी पातं आहे आणि ते वर-खाली करायला विजेवरचा विंच.

त्या मंगळवारी उणे २० होतं आणि वारा ताशी ३० किलोमीटर. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यात या जोडीसमोर उणे ३३ लिहिलेलं आहे. वाऱ्यात उघड्या कातडीला किती बोचेल त्याचा तो आकडा. पण एटीव्हीवर हातांची गत त्याहून वाईट असते. मूठ आवळून धरल्यामुळे रक्त नीट खेळत नाही, मुठीच्या रबराखाली लोखंडी नळी असते आणि ती हाताची ऊब शोषत बसते. अंगठा तर ॲक्सिलरेटरवरून हलवताच येत नाही. मोटरसायकलसारखी मूठ पिळायची नसते इथे, उजव्या अंगठ्याने एक छोटी दांडी दाबून धरायची असते. जाड मिटन, म्हणजे चारही बोटं एकाच खोळीत जाणारे हातमोजे, घालून पाहिले. त्यात विंचचं बटण समजत नाही. पातं वर उचलायच्या ऐवजी खाली गेलं आणि मी आमचीच टपालपेटी आडवी केली.

शेजारी म्हणजे इथे अर्ध्या किलोमीटरवरचं घर. तिथे एक निवृत्त शेतकरी आजोबा राहतात, पिढ्यांपूर्वी युक्रेनमधून आलेल्या घराण्यातले. पेटी सरळ करायला ते पहार घेऊन आले, माझं बोट पाहिलं आणि काही न बोलता मला त्यांच्या शेडमध्ये घेऊन गेले. त्यांच्या एटीव्हीची किल्ली फिरवली, एक बटण दाबलं आणि म्हणाले, “ठेव हात.” दोन मिनिटांत तळव्यांना ऊब यायला लागली. तव्यावरून उतरलेली भाकरी फडक्यातून हातात धरावी तशी. मी हात काढेचना. शेवटी त्यांनीच किल्ली काढून घेतली.

त्याच रात्री मी तापणाऱ्या मुठी मागवल्या, आणि घाईत चुकीच्या मागवल्या. स्वस्तात दिसला म्हणून मोटरसायकलचा सेट घेतला. मोटरसायकलच्या उजव्या बाजूला हँडलाच्या नळीवर प्लास्टिकची आणखी एक नळी फिरत असते, त्यामुळे उजव्या मुठीचं भोक मोठं असतं. एटीव्हीला ती फिरती नळी नसते. दोन्हीकडे २२ मिलिमीटरचं उघडं लोखंड. डावी मूठ फिट बसली, उजवी लहान बोटात मोठी अंगठी घालावी तशी डुगडुगली. परत पाठवली, एटीव्हीसाठीचा सेट मागवला, आणि तो येईपर्यंतचे नऊ दिवस शेजारचे आजोबाच येऊन माझा रस्ता साफ करून गेले. मी त्यांना पुरणपोळ्या दिल्या. त्यांनी त्या मेपल सिरप घालून खाल्ल्या, हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

आता वायरिंगचं. माझ्या मामाचं कराडला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. लहानपणी सुट्टीत मी तिथेच असायचे, स्टुलावर बसून वायरी सोलून द्यायचे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांना हंगामात स्पीकर, रंगीत दिवे, काय काय जोडून घ्यायला पोरं रांग लावतात, ते सगळं मामा करतो. इथले रात्रीचे आठ म्हणजे तिथले सकाळचे साडेसात, मामाचा दुकान उघडायच्या आधीचा चहा. व्हिडिओ कॉल लावला आणि गॅरेजमधली गाडी दाखवली.

“ही काय, नांगराची गाडी?” पातं बघून मामा म्हणाला.

“नांगरच म्हणतात हिला इथे. पण नांगरत नाही मामा, नुसती ढकलते.”

“आणि करायचं काय तुला?”

सांगितलं. मामा हसला. “आगं, ट्रॅक्टरवर सहा-सहा स्पीकर लावत्यात पोरं. दोन मुठी तापवायचं कसलं एवढं? किती वॅट?”

खोक्यावर १२ व्होल्टला ३६ वॅट लिहिलं होतं, म्हणजे ३ अँपिअर. मामाने मल्टीमीटर लावायला सांगितला. एक मूठ ७.९ ओहम, दुसरी ८.१. दोन्ही समांतर जोडल्या की ४ ओहम, म्हणजे हिशोब बरोबर. “पन इंजिन चालू झाल्यावर बारा व्होल्ट ऱ्हाईल का तुझं?” हे त्याने विचारलं ते बरं झालं. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट येतात. म्हणजे करंट साडेतीन अँपिअर आणि तापायची ताकद ३६ नाही, ५० वॅटच्या आसपास. व्होल्टेज थोडं वाढलं की वॅट वर्गाच्या हिशोबाने वाढतात. “पाचचा फ्यूज घाल,” मामा म्हणाला, “आन् बॅटरीच्या उशालाच घाल. फ्यूजच्या अलीकडची वायर कुठं घासली तर तिला राखणारं कोण न्हाई.”

रिले लागेल हेही त्यानेच सांगितलं. मला वाटलं होतं की बटणातून सरळ बॅटरीला जोडावं. ते चालतं, पण एक दिवस बटण चालू राहतं आणि सकाळी बॅटरी मेलेली असते. थंडीत ते परवडत नाही. उणे १८ ला लेड ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद उन्हाळ्याच्या निम्म्याखाली आलेली असते. आणि बॅटरी उतरली तर नुसती उतरत नाही, गोठते: भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० ला पण गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतलं जवळजवळ पाणीच असतं, ते उणे दहाच्या आतच गोठून डबा फोडतं. म्हणून किल्ली काढली की मुठी आपोआप बंद व्हायला हव्यात. रिले तेवढंच करतो. किल्लीबरोबर जिवंत होणाऱ्या एखाद्या बारीक वायरीतून चिमूटभर करंट घेऊन तो आतला लोखंडी तुकडा ओढतो, आणि मुठींचा जाड करंट बॅटरीतून थेट जातो. किल्लीच्या स्विचवर भार नाही.

रिले, फ्यूजचा होल्डर आणि वायरींसाठी विनिपेगला प्रिन्सेस ऑटोमध्ये गेले. नावावरून राजकन्येचं दुकान वाटतं, पण ते विनिपेगमधल्या प्रिन्सेस स्ट्रीटचं नाव आहे. आत हायड्रॉलिक पंपापासून खिळ्यांपर्यंत सगळं. नवरा तिथे गेला की दोन तास परत येत नाही. मीही दीड तास होते, त्यामुळे आता बोलायची सोय राहिली नाही.

शनिवारी सकाळी काम काढलं. गॅरेज तापवलेलं नाही, आत उणे १२. जुन्या मुठी ओढून निघेनात, चाकूने लांबीला चिरा देऊन केळ्याच्या सालीसारख्या सोलल्या. खालची नळी खरडून स्पिरिटने पुसली. मग त्या नळीवर हीट श्रिंकची एक जाडसर नळी चढवून गरम हवेने आवळली. ही माझी भर नाही, शेजारच्या आजोबांची. लोखंडी हँडल म्हणजे मुठीतली ऊब पळवून नेणारा चोर, मधे काहीतरी अडसर पाहिजे. मोटरसायकलच्या उजव्या हाताला प्लास्टिकची नळी तो अडसर फुकटात करते, आपल्याला तो करावा लागतो. हे न करता मुठी बसवणारे लोक मग म्हणतात की मुठी तापत नाहीत. तापतात, पण हँडल तापवतात.

मुठी बसवताना वायर कुठून बाहेर पडते ते पाहायचं असतं. उजवीकडे तर फारच. वायर अंगठ्याच्या दांडीच्या वाटेत आली आणि दांडी दाबलेलीच राहिली तर गाडी थांबणार नाही. मी मूठ अशी फिरवली की वायर खालच्या अंगाने, ब्रेकच्या मागून निघेल. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि दर वेळी दांडी दाबून सोडायची. सोडली की टक असा आवाज येऊन मागे आली पाहिजे. लेकीला हे फार आवडलं. तिने चाळीस वेळा टक करून पाहिलं असेल, इंजिन बंद होतं म्हणून मी काही बोलले नाही.

मग मुठी चिकटवायचा डिंक, इपॉक्सी. दोन नळ्या, समान भाग, काडीने कालवायचं, आत लावायचं, मूठ पिळत चढवायची, २४ तास हात लावायचा नाही. कागदावर लिहिलेलं सगळं केलं. फक्त एक ओळ वाचली नाही, की हे २४ तास २० डिग्रीला. रविवारी सकाळी मूठ धरली आणि ती हातात फिरली. आतून मधासारखी तार निघाली. अंगठ्याची दांडी तेवढी टक करत होती.

मामाला फोन. तिथे रविवारची रात्र, मामा जेवायला बसलेला. “आमच्याकडं डिंक वितळून वाहतो, तुमच्याकडं वाळत न्हाई,” म्हणाला. आम्ही हेअर ड्रायरचा विचार करत होतो, म्हणजे दोन मुठींना दोन तास कोण धरणार याचा. मामाने भात कालवता कालवता सांगितलं, “आगं, तापायची वस्तू तुझ्याच हातात हाय की. मुठीच चालू कर. पन दोन्ही एकामागं एक जोड. दिवाळीची माळ असती तशी.”

दिवाळीची माळ हे मी विसरले होते. माळेतले दिवे एकामागे एक असतात, करंट सगळ्यांतून एकाच वाटेने जातो आणि व्होल्टेज वाटलं जातं. म्हणूनच एक दिवा गेला की सगळी माळ जाते आणि बाबा खुर्चीवर चढून एकेक दिवा हलवत बसतात. घरातले दिवे तसे नसतात, त्यांना प्रत्येकाला पूर्ण व्होल्टेज मिळतं. मुठींचंही तेच. समांतर जोडल्या की प्रत्येकीला १२ व्होल्ट, एकूण ३६ वॅट. माळेसारख्या जोडल्या की प्रत्येकीला ६ आणि एकूण फक्त ९ वॅट, चौथा हिस्सा. कीटबरोबर आलेल्या बटणाला सहा पिना का होत्या हे तेव्हा उलगडलं. वर दाबलं की समांतर, खाली दाबलं की माळ, मधे बंद. हाय आणि लो म्हणजे एवढंच.

बॅटरीला चार्जर लावला, मुठी हाताने माळेत जोडल्या आणि वरून गोधडी घातली. आजीच्या लुगड्यांची गोधडी, कराडहून सामानात आलेली, आता एटीव्हीच्या हँडलावर. मधेच एक गरम पाण्याची रबरी पिशवी पण आत सारली, नऊ वॅटवर माझा विश्वास बसेना. दर अर्ध्या तासाला जाऊन गोधडीत हात घालून बघायचे. दुपारी मूठ जड फिरत होती, तेव्हाच पिळून वायरीची दिशा पुन्हा नीट केली. रात्री फिरेनाशी झाली. सोमवारी सकाळी दोन्ही हातांनी पिळली तरी ढिम्म. मुठींनी आपला डिंक आपणच वाळवला.

वायरिंग संध्याकाळी दोन बैठकांत केलं. रिलेच्या चार पिनांवर आकडे असतात, ३०, ८५, ८६ आणि ८७, आणि ते कराडच्या रिलेवर जे असतात तेच सेलकर्कच्या रिलेवर असतात. मला का कोण जाणे याचं फार बरं वाटलं. ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून मुठींच्या बटणाकडे, ८६ ला किल्लीबरोबर जिवंत होणारी वायर, ८५ बॉडी अर्थला. किल्लीची वायर शोधायला टेस्टर घेऊन बसले. माझ्या गाडीत पुढच्या १२ व्होल्टच्या सॉकेटच्या मागची वायर किल्ली फिरवली की पेटते आणि काढली की मरते, तीच घेतली. हेडलाइटची घेऊ नये. दिवे बंद केले की मुठीही गार.

“बॉडी आर्थ घेशील तिथला रंग खरवड,” मामाने तीनदा सांगितलं होतं. लहानपणी माझं कामच ते होतं, पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासायचं. रंगावर बोल्ट आवळला की दिसायला घट्ट, आतून नावापुरता. घासलं, गोल टर्मिनल आवळलं, वर ग्रीस लावलं.

सांधे मात्र मामाच्या पद्धतीने केले नाहीत, आणि इथे आमची थोडी जुंपली. मामा वायरी पिळून त्यावर चिकटपट्टी गुंडाळतो, काळी, तीन वेढे. कराडच्या उन्हात ती वितळून वायरीला धरून बसते. इथे गॅरेजमध्ये ती चिकटपट्टी वायरीला चिकटतच नव्हती. गुंडाळली की स्प्रिंगसारखी उलगडून हातात यायची. सोल्डरचा डाग द्यावा तर डाग दिलेली वायर त्या जागी कडक होते आणि गाडीच्या थरथरीने बरोबर कडेला तुटते. म्हणून क्रिंपचे सांधे केले, पक्कडीने दाबून, आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक. गरम केली की दोन्ही टोकांतून डिंकाचा बारीक थेंब डोकावतो. तो दिसला की पाणी आत जाणार नाही. मामाला फोटो पाठवला. “ठीक हाय,” असं उत्तर आलं. आमच्याकडे “ठीक हाय” ही मोठी पदवी आहे.

बोटं उघडी ठेवून हे सगळं करायचं होतं. आठ मिनिटं काम, दोन मिनिटं घरात येऊन चुलीवर हात. हात तापवायची सोय करताना हात गारठतात, ही गंमत लेकीने दाखवून दिली, मी नाही.

पहिली चाचणी. गॅरेजचं मोठं दार पूर्ण उघडलं, कारण बंद गॅरेजात इंजिन चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडने मरणं, इथे दर हिवाळ्यात ती सूचना ऐकवतात. उणे २४ आत आलं. किल्ली फिरवली, रिले टक करून बोलला. इंजिन चालू, मुठी बंद: १४.२ व्होल्ट. थोडी रेस देऊन मुठी हायवर: १३.९. नुसतं आयडलवर: १३.१. मग पातं उचललं. विंच हावरा असतो, शेकडा अँपिअरच्या घरात ओढतो. काटा ११.८ पर्यंत खाली गेला, हेडलाइट मिचमिचला आणि पुन्हा वर आला. मुठींचे साडेतीन अँपिअर त्यापुढे किस झाड की पत्ती. तरी मी नियम केला की गाडी पाच मिनिटं चालल्याशिवाय मुठी हायवर टाकायच्या नाहीत, सुरू करताना बॅटरीचं जे गेलं ते आधी तिला परत मिळू दे.

आणि मग तो पहिला फेरा. अंधार, हेडलाइटच्या झोतात तिरका उडणारा बर्फ, आणि तळव्यांमध्ये ऊब. पहिले दोन फेरे मी उगाचच जास्त मारले.

तिसऱ्या आठवड्यात डावी मूठ गेली. म्हणजे कायमची नाही. सडकेच्या टोकाला गाडी उजवीकडे पूर्ण वळवली की गार, सरळ केली की गरम. हायवर असताना फक्त डावी जायची, उजवी तापत राहायची. लोवर टाकलं तर दोन्ही जायच्या. हे लक्षात आल्यावर मी बर्फात बसल्या बसल्या हसले, कारण मीटर न लावता उत्तर मिळालं होतं. लोवर माळ असते, एकीची वायर तुटली की दोघी जातात. हायवर आपापला संसार. म्हणजे तुटलंय ते डाव्या मुठीच्या वायरीत, आणि हँडल वळवलं की ताण येतो तिथे.

गॅरेजात मीटर लावला. सरळ असताना ८ ओहम, वळवताना आकडे धावले आणि मग काहीच नाही. हँडलच्या मधल्या खांबापाशी मी वायर प्लास्टिकच्या केबल टायने आवळली होती, घट्ट, नीटनेटकी, फोटोत छान दिसणारी. वरून वायर धडधाकट. बोटांनी चिमटीत धरून वाकवली तर एका जागी मऊ लागली, दाणा फुटलेल्या शेंगेसारखी. चिरून पाहिलं तर आतलं तांबं तुटलेलं. दोष वायरीचा नव्हता, मीच साधी पीव्हीसीची वापरली होती. ती उणे २५ ला सुकलेल्या फांदीसारखी होते, आणि मी तिला दर फेऱ्यात चार वेळा वाकवत होते. टाय काढायला गेले तर तो कापायच्या आधीच तुटून दोन तुकडे झाला.

नवी वायर सिलिकॉनच्या आवरणाची आणली. ती हातात शिजलेल्या शेवयीसारखी लोळते, गॅरेजात रात्रभर ठेवली तरी. खांबापाशी टाय नाही. मोठा झोल ठेवला, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून वायर कुठे ताणत नाही ना, कुठे चिमटत नाही ना हे बघितलं, आणि मग कापडी पट्ट्याने सैल बांधली. मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “झोल ठेव म्हणून सांगितलं न्हाई का?” सांगितलं नव्हतं. पण वाद घातला नाही.

आता खरं सांगायचं तर मुठींनी अर्धंच काम केलं. तळवा आणि बोटांची आतली बाजू मस्त, पण बोटांची पाठ वाऱ्याला तशीच. उणे ३० च्या सकाळी हात एका बाजूने भाजतोय आणि दुसऱ्या बाजूने गोठतोय असं होतं, शेकोटीपाशी बसलं की पाठ गार राहते ना, तसं. उपाय जुनाच निघाला. हँडलावर चढवायच्या कापडी बाह्या असतात, आत अस्तर, त्यात हात घालायचा. शेजारच्या आजोबांच्या गाडीला त्या होत्या, मी त्या दिवशी फक्त बटणाकडे बघत होते. बाह्या लावल्यावर मुठींची ऊब आत कोंडून राहते आणि हायवरून लोवर यावं लागतं. मग हातमोजेही बदलले. जाड मोज्यातून मुठीची ऊब तळव्यापर्यंत पोचतच नव्हती, आता तळव्याला पातळ चामडं असलेले घालते. आणि विंचचं बटण बोटांना कळतं. टपालपेटी उभी आहे.

निवडायचंच झालं तर मी आधी बाह्या घेईन. त्यांना वायर नाही, फ्यूज नाही, डिंक नाही. पण मग मामाला इतक्या वेळा फोन केला नसता.

अंगठा राहिला. ॲक्सिलरेटरची दांडी मुठीच्या बाहेर असते, तिथे मूठ कितीही तापली तरी काही पोचत नाही. कीटमध्ये अंगठ्यासाठी वेगळी पट्टी मिळत होती, चार-पाच वॅटची, दांडीवर चिकटवायची. तेव्हा वाटलं, एवढ्याशा अंगठ्याला कशाला. गेल्या आठवड्यात मागवली. आली आहे, खोक्यात आहे, तिच्यामागे लावायचा दुहेरी टेप उणे १२ ला चिकटणार नाही हे मला आता न वाचताच माहीत आहे. गोधडी धुवायला टाकली होती, ती वाळली की लावते.